कंप्रेसर निर्दोष आहे

मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘जुन्या गाडीचं एअर सस्पेन्शन : घरच्या घरी दुरुस्ती’ असं छापलंय. ते कार्यवाहांनी ठेवलेलं. मला विचारलं असतं तर मी ‘कंप्रेसर निर्दोष आहे’ एवढंच दिलं असतं. तशा नावाला गर्दी झाली नसती म्हणे. आताही फार झालीय असं नाही. पहिल्या रांगेत माझे साडू बसलेत, पण त्यांना यावंच लागलं. आजचं उदाहरण त्यांचं आहे.

पाटे, कॉइल स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर हे तुम्हाला सांगायला नको. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबराची हवाबंद पिशवी असते. गॅरेजमध्ये तिला बलून म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिच्यात हवा भरणारा विजेचा पंप म्हणजे कंप्रेसर. शिवनेरीनं बोरघाट चढलेला प्रत्येक जण अशाच बलूनवर बसून आलाय. हिशोब सोपा आहे. गाडीच्या एका कोपऱ्यावर ५०० किलो वजन असेल आणि बलूनमध्ये ७ बार दाब असेल, तर ७० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ ते वजन पेलतं. ७ बार म्हणजे साधारण १०० पीएसआय, तुमच्या टायरच्या तिप्पट. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कल्पना नवी नाही. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमला एअर सस्पेन्शन होतं, १९६१मध्ये मर्सिडीजनं ३०० एसईला दिलं, आणि १९९८च्या एस-क्लासबरोबर ‘एअरमॅटिक’ आलं. मागून आता कोणीतरी सित्रोएन म्हणणार. म्हणू नका. त्या फ्रेंच कंपनीच्या १९५५च्या डीएस गाडीमध्ये नायट्रोजन आणि तेल होतं, ते घराणं वेगळं. त्यावर बोलायचं तर मला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.

तर साडू. यांनी एक जुनी जर्मन सलून घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात एवढं मोठं धूड दारात आलं, त्यामुळे महिनाभर यांचे पाय जमिनीवर नव्हते. मग एका सकाळी पुढचा डावा कोपरा बसलेला. वॉचमन म्हणाला, “साहेब, पंक्चर हाय.” टायर टणटणीत. गाडी चालू केली की पुढून घरघर ऐकू यायची आणि मिनिटाभरात कोपरा वर. रोज हेच. माझी मेव्हणी म्हणाली, “एवढी स्वस्त का मिळाली ते कळलं आता.”

गाडी वर्कशॉपला गेली. तिथे कॉफी मिळते, एसी असतो आणि काचेपलीकडे आपली गाडी दिसते, तिला हात मात्र लावता येत नाही. त्यांनी लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणाला, कंप्रेसर जादा वेळ चालतोय. निष्कर्ष: कंप्रेसर खराब, बदला. तो जादा वेळ का चालतोय, हे त्या लॅपटॉपला कोणी विचारलं नाही. बदलला. बिलाचा आकडा सांगायला साडूंनी मनाई केलीय, कारण मेव्हणीही आल्यात.

आणि गाडी बरी झाली! इथेच माणूस फसतो. नवा कंप्रेसर ताकदवान, तो गळती भरून काढत राहिला. पावसाळा गेला, दिवाळी झाली, आणि गाडी पुन्हा जमिनीवर. या वेळी कंप्रेसरला वीज देणाऱ्या स्विचचे, म्हणजे रिलेचे, पॉइंट चिकटले होते आणि कंप्रेसर बंदच होईना. हात लावला तर चटका बसत होता. जळाला तो. वर्कशॉपचं म्हणणं, “सर, आपल्याकडचे रस्ते.” रस्त्यांना शिव्या घातल्या की आपण सगळे लगेच मान डोलावतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. साडूंनीही डोलावली.

आता मला सांगा, सोसायटीच्या गच्चीवरची टाकी फुटली, पंप रात्रंदिवस चालून जळाला, तर तुमचा सेक्रेटरी नुसता पंप बदलेल का? बदलेल म्हणता? तुमची सोसायटी मला माहीत नाही. पण पुढच्या सभेत त्याची काय गत होईल ते माहीत आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे. ती कोणी सांगत नाही आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तीच घात करते. कंप्रेसरला जोडून एक ड्रायर असतो, त्यात सिलिका जेलचे दाणे. बाहेरची दमट हवा आत जाताना ओलावा तिथे अडतो. गाडी खाली घ्यायची असते तेव्हा आतली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर पडते आणि दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. फार सुंदर योजना आहे. पण हवा बलूनमधून किंवा पाइपच्या जोडातून गळाली, तर ती ड्रायरकडे परत येतच नाही. ओलावा फक्त आत येतो. जुलैत मुंबईची हवा कशी असते ते मी सांगायला नको. दाणे भिजून गच्च होतात, पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत, म्हणजे कोणत्या बलूनला हवा द्यायची ते ठरवणाऱ्या झडपांपर्यंत, पोचतं, गंज धरतो. म्हणजे एका गळतीनं कंप्रेसर, रिले, ड्रायर, व्हॉल्व्ह ब्लॉक सगळे जातात, आणि बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ!

शेवटी गळती कुठे सापडली? पुढच्या डाव्या स्ट्रटच्या, म्हणजे बलून आणि शॉकॲब्सॉर्बरच्या एकत्र खांबाच्या, डोक्यावर, जिथे नायलॉनचा पाइप पितळी फिटिंगमध्ये शिरतो. शोधली नाक्यावरच्या पंक्चरवाल्या पोरानं, साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन. लॅपटॉप नाही, एसी नाही. पाइपचं टोक काटकोनात कापलं, नवं फिटिंग बसवलं, झालं. कॉफी मेव्हणीनं दिली.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू करायला हरकत नाही.

आधी मोजा. संध्याकाळी सपाट जागी गाडी नेहमीच्या उंचीवर असताना चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत चारही कोपरे टेपनं मोजून लिहा. सस्पेन्शनचा फ्यूज काढा, नाहीतर काही गाड्यांचा कंट्रोलर रात्री जागा होऊन उंची आपणच बदलतो. सकाळी परत मोजा. थंडीत चारही कोपरे थोडे उतरले तर घाबरू नका. ३० अंशांवरून १० अंशांवर आलं की ३०३ केल्विनचे २८३ होतात. वजन तेच, म्हणून दाब तोच, पण हवेचं आकारमान साडेसहा टक्क्यांनी घटतं. ती गळती नव्हे.

एकच कोपरा बसला तर त्याचा बलून किंवा त्याचा पाइप. बलून असेल तर बहुतेक खालच्या घडीत, जिथे रबर दुमडतं तिथे बारीक भेगा दिसतील. त्याला पॅच चालत नाही, बदलायचाच. कधी हा कोपरा तर कधी तो बसत असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या. काहीच गळत नाही आणि तरी गाडी वाकडी उभी राहते? गाडीची उंची मोजणाऱ्या लेव्हल सेन्सरची दांडी बघा, तिचा सांधा गंजतो किंवा तुटतो. गळती थांबल्यावर, आणि थांबल्यावरच, कंप्रेसर उघडा. बऱ्याच मॉडेलना पिस्टन रिंगचं किट मिळतं. सिलिका जेल बदला. रिले नवा घाला, तो स्वस्त असतो.

हे मात्र घाईत सांगणार नाही. एअर सस्पेन्शनची गाडी नुसत्या जॅकवर किंवा स्वतःच्या हवेवर उभी असताना खाली डोकं घालायचं नाही. पाइप सुटला तर ती क्षणात बसते. घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. विटा नकोत, वीट तडकते. पाइप उघडण्याआधी दाब सोडा, नट सावकाश ढिला करा. तो १०० पीएसआयचा आकडा इथे लागतो. आणि नवा बलून रिकामा असताना गाडीचं वजन त्यावर टाकू नका, घडी चुकीची पडते. गाडी घोडीवर असतानाच थोडी हवा भरा, मग उतरवा.

हं, विचारा. हे सगळं काढून कॉइल स्प्रिंग टाकल्या तर? टाकता येतात, किट मिळतात. जनरल मोटर्सनं १९५८मध्ये हौसेनं एअर सस्पेन्शन दिलं, तेव्हाही बऱ्याच मालकांनी हेच केलं. पण कॉइल एका वजनासाठी बेतलेली असते. पाच माणसं आणि सामान भरलं की मागून बसणार, आणि डॅशबोर्डवरचा दिवा बंद करायला वेगळी खटपट. ज्याला गाडी फक्त चालवायचीय, त्यानं खुशाल टाकाव्यात.

बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी. ज्यांनी अशा गाड्या बाहेर लावल्यात, त्यांनी आत्ताच जाऊन कमानी मोजून या. चहा संपेपर्यंत फरक दिसला तर साबण घरी जाऊन शोधू नका, कार्यवाहांकडे मागा.