वर्सोव्याच्या वाळूखालून

(पहाट. वर्सोव्याचा किनारा, लागलेल्या बोटी.)

बोटी किनाऱ्याला लागल्यात. मासळीच्या टोपल्या उतरतायत. आणि याच किनाऱ्याच्या वाळूखालून काही केबल समुद्रात शिरतात. ठाण्यातली आजी लंडनच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलते, तेव्हा तिचा आवाज आकाशातून जात नाही. तो समुद्राच्या तळाने जातो. खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी माहिती तिथूनच वाहते.

ही वाट दीडशे वर्षांची आहे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचं २११ मीटर लांबीचं जहाज मुंबईला आलं. त्याच्या पोटातल्या टाक्यांमध्ये तारायंत्राच्या केबलची प्रचंड वेटोळी होती, पाण्यात बुडवून ठेवलेली. फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनच्या दिशेने केबल सोडायला सुरुवात केली. पुढे ती तांबड्या समुद्रातून सुएझला पोचली आणि त्याच जूनमध्ये इंग्लंडच्या पोर्थकर्नो गावाशी दुवा जुळला. त्याआधी तुर्कस्तानातून जाणारी तार दिवसेंदिवस रखडायची आणि पोचेपर्यंत मजकुराचा पार विचका व्हायचा. आता निरोप काही मिनिटांत जाऊ लागला.

त्या तारेवर पाणी शिरू नये म्हणून गटापर्चाचं वेष्टण असे. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. तो थोडासा मिळवायला अख्खं झाड आडवं करत. जहाजाचं कौतुक सगळेच करतात. त्या झाडांची आठवण क्वचितच निघते, म्हणून ती इथे मुद्दाम काढतोय.

(केबलचा छेद, जवळून.)

आजची खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू, आणि त्यांतून धावणारा प्रकाश. तो वाटेत मंदावतो, म्हणून साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर त्याला जोर देणारा रिपीटर बसवतात. रिपीटरला लागणारी वीज किनाऱ्यावरून, त्याच केबलमधल्या तांब्यातून जाते.

तारेच्या जागी काच आली, पण युरोपकडे जाणारी मुख्य वाट अजून तीच आहे: अरबी समुद्र, बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, इजिप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यानंतर ‘रुबीमार’ जहाजावरचे खलाशी नांगर टाकून निघून गेले. जहाज वाहवत गेलं, नांगर तळ खरवडत गेला. त्याच सुमारास तिथल्या केबल तुटल्या. त्या नांगरानेच तोडल्या असाव्यात, असं मानलं जातं. एरवीही घात होतो तो बहुतेक वेळा नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्यांनी.

मग दुरुस्तीचं जहाज निघतं. केबल किती किलोमीटरवर तुटली हे किनाऱ्यावरूनच कळतं: प्रकाशाचा ठोका सोडायचा आणि तो तुटल्या जागेवरून परतायला किती वेळ लागला ते मोजायचं. तिथे पोचल्यावर मात्र काम जुन्याच पद्धतीचं. १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ने आदल्या वर्षी तुटून बुडालेली केबल अटलांटिकच्या तळातून, साडेतीन किलोमीटरहून जास्त खोलीवरून, लोखंडी गळाने वर ओढली होती. आजही खोल पाण्यात गळ सोडतात आणि तळावरून सावकाश फरफटत नेतात. दोरावरचा ताण वाढला की डेकवरची माणसं थांबतात.

काहीतरी लागलेलं असतं.