हिवाळ्याआधी छपरावर बादलीभर पाणी ओता

मंडळी, विषय ‘व्यापारी इमारतींच्या छपरांची हिवाळ्यापूर्वीची तयारी’ असा जाहीर झाला आहे. बर्फ, सीलंट (भेगा-सांधे बुजवायचं लवचिक भरण), पत्र्याचे सांधे, सगळं त्यात येतं आणि ते मी सांगणार आहे. पण आधी ड्रेनबद्दल, म्हणजे छपरावरचं पाणी खालच्या पाईपात सोडणाऱ्या तोंडाबद्दल, बोलू द्या. सपाट छपराचा हिवाळा ड्रेनपाशी ठरतो असं माझं ठाम मत आहे. पारा शून्याखाली जातो तिथे छपराचं नुकसान मुख्यतः बर्फ पडायच्या आधी साचून राहिलेलं पाणी करतं.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. छपरावर हे एकदाच होत नाही. दिवसा वितळतं, रात्री गोठतं. वितळलेलं पाणी भेगेत आणखी आत सरकतं आणि तिथे पुन्हा फुगतं. म्हणून पाऊस थांबल्यावर 48 तासांनीही डबकं दिसलं, तर खडूने त्याची कड आखून फोटो काढा. पुढच्या पावसानंतर पुन्हा बघा. ते वाढलंय की तेवढंच आहे, हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही.

आता माझी तक्रार. देखभालीच्या अहवालात एक ओळ हमखास असते: ‘ड्रेनच्या जाळ्या साफ केल्या.’ सोबत स्वच्छ घुमटाचा फोटो. त्या फोटोवरून काहीही कळत नाही. जाळी घुमटासारखी असली, तरी रोजचं पाणी तिच्या तळाच्या दोन-अडीच सेंटिमीटरमधूनच आत जातं. नेमक्या त्याच खाचांमध्ये पानांचा, बारीक खडीचा आणि काळ्या गाळाचा घट्ट पट्टा बसतो. वरचा घुमट लख्ख आणि खालची कड बुजलेली. दहा फुटांवरून हे दिसत नाही. गुडघ्यावर बसायचं, जाळी उचलायची, हाताने गाळ काढायचा आणि तो बादलीत भरून खाली न्यायचा. झाडूने बाजूला सारलेला गाळ पुढच्या सरीत परत ड्रेनवर येतो.

जाळी काढलीच आहे तर आत बघा. मेम्ब्रेन, म्हणजे छपरावरचा पाणी अडवणारा थर, दाबून धरणारी एक कडी असते, बोल्टने आवळलेली. सगळे बोल्ट जागेवर हवेत आणि घट्ट हवेत. एखादा सैल असेल तर पाणी मेम्ब्रेन आणि ड्रेनची वाटी यांच्या मधल्या फटीतून थेट इन्सुलेशनमध्ये, म्हणजे खालच्या उष्णतारोधक थरात, शिरतं. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे कडीवरून सीलंट थापणं. तो करू नका. त्याने कडीभोवती बांध तयार होतो, पाणी तिथेच अडतं आणि मूळ वाट खालून उघडीच राहते. कडी सोडवायची, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा, मेम्ब्रेनच्या खाली, वाटीच्या काठावर योग्य मस्तकी (पाणी अडवणारा चिकट लेप) लावायची आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट जोर लावून पिळला तर बिडाचा आटा तुटतो.

तुटलेल्या जाळीची गोष्ट आणखी वाईट. जाळी नसली की पाईप सगळं गिळतो: बाटली, हातमोजा, स्क्रूची पिशवी. ते अडकतं छताखालच्या वळणावर किंवा आडव्या पाईपमध्ये. तो पाईप गरम न केलेल्या जागेतून, माल उतरवण्याच्या धक्क्यावरून वगैरे जात असेल, तर साचलेलं पाणी तिथेच गोठून पाईप फोडतं. गळती मात्र बर्फ वितळल्यावर दिसते, म्हणून लोक छपराला दोष देतात.

मग तपासायचं कसं? पाणी ओतून. पंधरा-वीस लिटरची बादली प्रत्येक ड्रेनमध्ये रिकामी करा किंवा नळी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. एक माणूस वर, एक खाली, छताखालच्या सांध्याशी टॉर्च घेऊन. पाणी भोवऱ्यासारखं फिरत झरझर गेलं तर ठीक. वर चढू लागलं, किंवा गुडगुड आवाज करत थांबत थांबत गेलं, तर पाईप अर्धवट तुंबलेला आहे. सांध्याच्या खाली थेंब दिसला तर तो सांधा आजच आवळायचा.

आणि ड्रेन साफ असूनही पाणी साचतं, याचं कारण पुष्कळदा रचनेत असतं. ड्रेन बरेचदा खांबालगत असतात आणि तिथे छत फारसं वाकत नाही. दोन खांबांच्या मधोमध छत वजनाने थोडं झुकतं, त्यामुळे ड्रेन उंचावर राहतो आणि पाणी मध्यावर. दीडशे वर्षं साफसफाई केली तरी हे सुटणार नाही. उताराचं इन्सुलेशन बसवावं लागतं. दोन टक्के उतार, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर, हे लक्षात ठेवण्याजोगं माप. हलकेच घेऊ नका हे पाणी: 20 बाय 10 मीटरच्या भागावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा टन.

म्हणून मुख्य ड्रेनपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर उंचीवर जादा पाण्याची दुसरी वाट ठेवतात. तिच्यातून कधी पाणी येत नाही म्हणून लोक ती बुजवतात, किंवा तिच्यात पक्षी घरटं करतात. ती मोकळी हवी, आणि तिचं पाणी लोकांच्या नजरेत पडेल असं बाहेर पडायला हवं. तिथून धार लागली की मुख्य ड्रेन तुंबला, हा निरोप सगळ्या इमारतीला मिळतो.

घड्याळ बघतोय, उरलेलं भरभर सांगतो. सीलंटचं काम थंडीआधी उरका. बहुतेक सीलंट पाच अंशांखाली आणि ओल्या पृष्ठभागावर नीट धरत नाहीत. जुन्यावर नवं चोपडू नका; खरवडून काढा. कठड्यावरच्या ॲल्युमिनियमच्या तीन मीटर लांबीच्या तुकड्यात 50 अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर हालचाल होते, त्यामुळे अरुंद सांध्यात भरलेलं सीलंट फाटणारच. पाईपांभोवतीच्या भरणीचा वरचा भाग फुगीर ठेवा, खोलगट ठेवला तर पाणी बसतं.

इन्सुलेशन ओलं झालंय का, ते सूर्यास्तानंतर थर्मल कॅमेऱ्याने कळतं, कारण ओला भाग उष्णता जास्त वेळ धरतो. खात्रीसाठी मात्र तुकडा कापूनच बघावा लागतो. ड्रेनमध्ये हीटिंग केबल असेल तर ती पाईपच्या गरम भागापर्यंत खाली गेली पाहिजे आणि आताच चालू करून बघितली पाहिजे. छतातून थेंब पडला की तो गळतीचाच असेल असं धरू नका. आतली दमट हवा थंड पत्र्याला लागूनही पाणी सुटतं.

बर्फाची उंची पाहून वजन ठरवू नका. ताज्या हलक्या बर्फाचं घनमीटर पन्नास ते शंभर किलो भरतं, ओल्या बर्फाचं तीनशे-चारशेही भरतं. उंच भिंतीच्या पायथ्याशी वाऱ्याने साठणारा ढीग सगळ्यात धोक्याचा. काढताना प्लास्टिकचं फावडं, खाली पाच सेंटिमीटर थर सोडायचा, आणि एका जागी ढीग करायचा नाही. मीठ टाकू नका, पत्र्याचे भाग गंजतात.

आणि बर्फाखाली स्कायलाइट, म्हणजे छपरातली उजेडाची झरोके, दिसत नाहीत, त्यावर पाय पडून माणूस खाली जातो. प्रत्येक स्कायलाइटच्या आणि प्रत्येक ड्रेनच्या कडेला आत्ताच, छपराला भोक न पाडता, वजनदार पायावर रंगीत काठी उभी करा आणि दोन कठड्यांपासूनची मापं नकाशावर लिहून ठेवा. चाळीस सेंटिमीटर बर्फात ड्रेन शोधायची वेळ आली, की ती काठीच दिसते.