एकच परवाना, दोन पदव्या

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका होण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट पदवी, म्हणजे एडीएन, घेता येते. ती कागदोपत्री दोन वर्षांची असली तरी आधी पूर्ण करावे लागणारे विषय धरले तर अनेकांची तीन वर्षे जातात. दुसरी वाट विद्यापीठाच्या चार वर्षांच्या बॅचलर पदवीची, म्हणजे बीएसएनची. दोन्हीकडचे विद्यार्थी अखेर एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा देतात आणि उत्तीर्ण झाल्यावर त्यांना एकाच प्रकारचा परवाना मिळतो.

फरक पडतो तो नोकरीचा अर्ज भरताना, आणि अतिदक्षता विभाग, नवजात अतिदक्षता विभाग, अवयव प्रत्यारोपण किंवा भाजलेल्या रुग्णांचा विभाग अशा ठिकाणी जाऊ पाहणाऱ्या नव्या परिचारिकांना तो सर्वांत अधिक जाणवतो. या पदांच्या जाहिरातींत पदवीविषयीचे वाक्य साधारणपणे तीन प्रकारचे असते. ‘बीएसएन आवश्यक’ असे लिहिले असेल, तर एडीएन असलेला अर्ज बहुधा पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो, कारण अर्ज संगणकीय प्रणालीतून जातात आणि सर्वोच्च पदवीच्या रकान्यात काय निवडले आहे, हे विभागप्रमुखाच्या हाती अर्ज पोहोचण्याआधीच पाहिले जाते. ‘बीएसएनला प्राधान्य’ असे असेल, तर दार उघडे असते, पण अर्जांची गर्दी असेल तेव्हा ते प्राधान्य जवळजवळ अटीसारखेच काम करते. तिसऱ्या प्रकारात एडीएन असलेल्या परिचारिकेला घेतले जाते आणि ठरावीक मुदतीत बीएसएन पूर्ण करण्याचे लेखी वचन तिच्याकडून घेतले जाते.

हा भेद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांची मोठी टंचाई होती, आणि १९५२ मध्ये परिचर्या-शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड माँटॅग यांच्या प्रकल्पातून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचा प्रयोग सुरू झाला. त्यांच्या मूळ कल्पनेत या पदवीच्या परिचारिकेचे काम मर्यादित, तांत्रिक स्वरूपाचे होते. प्रत्यक्षात मात्र तिला तोच परवाना आणि तीच जबाबदारी मिळाली. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक परिचर्येसाठी किमान बॅचलर पदवी असावी, अशी भूमिका जाहीर केली. त्यानंतरही बहुतेक राज्यांनी ती अट स्वीकारली नाही. नॉर्थ डकोटाने ती स्वीकारली होती, पण २००३ मध्ये मागे घेतली. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: परवाना मिळाल्यापासून १० वर्षांच्या आत बीएसएन पूर्ण करायची. म्हणजे कायद्याने जो प्रश्न अनेक दशके लोंबकळत ठेवला, तो रुग्णालयांनी आपापल्या भरतीच्या धोरणांतून सोडवायला घेतला.

रुग्णालयांच्या हाती संशोधनाचा आधार आहे. २००३ मध्ये परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयातील बॅचलर किंवा त्यावरील पदवीच्या परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासात हाच आकडा ७ टक्क्यांच्या आसपास आला. त्याआधी, २०१० मध्ये, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका बॅचलर पदवीधर असाव्यात, असे उद्दिष्ट मांडले होते. ते मुदतीत गाठले गेले नाही, पण भरतीची भाषा मात्र त्यामुळे बदलली.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण याच ठिकाणी अनेक चांगल्या परिचारिकांवर अन्याय होतो. हे अभ्यास संपूर्ण रुग्णालयातील पदवीधरांचे प्रमाण मोजतात. एखाद्या परिचारिकेची पदवी पाहून तिच्या हातून रुग्णाला किती धोका आहे, हे त्यांनी मोजलेले नाही आणि त्यांच्यावरून ते ठरवताही येत नाही. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेकडे पाहा. नॉरएपिनेफ्रिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाच्या पंपाचा वेग ती थोडा थोडा वाढवते, मॉनिटरवरचा सरासरी धमनी दाब ६५ च्या वर राहतो का ते बघते आणि दर तासाला लघवीचे प्रमाण नोंदवते. व्हेंटिलेटरचा गजर वाजला की नळीत स्राव साचला आहे, नळी वाकली आहे की रुग्ण अस्वस्थ आहे, हे तिला काही सेकंदांत ओळखावे लागते. हे कौशल्य दोन्ही अभ्यासक्रमांत जेमतेम हाताला लागते. ते खऱ्या अर्थाने येते विभागात, अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली. बीएसएनच्या जादा अभ्यासात भर असतो तो सामुदायिक आरोग्य, संशोधन आणि नेतृत्व या विषयांवर. ते विषय मोलाचे आहेत, पण त्यांच्यामुळे व्हेंटिलेटर हाताळता येत नाही.

मग विशेष विभागांच्याच बाबतीत पदवी इतकी आडवी का येते? पुष्कळदा ती अट त्या विभागाची नसते, तो विभाग ज्या रुग्णालयात आहे त्या रुग्णालयाची असते. प्रत्यारोपण, नवजात शिशूंची सर्वोच्च दर्जाची देखभाल, गंभीर अपघातांवरील उपचार हे सारे मोठ्या शहरांतील अध्यापन रुग्णालयांत एकवटलेले आहे, आणि उत्तम परिचर्येसाठी रुग्णालयांना दिले जाणारे ‘मॅग्नेट’ हे मानांकन मिळवण्याची वा टिकवण्याची धडपड प्रामुख्याने तीच रुग्णालये करतात. या मानांकनासाठी परिचर्या व्यवस्थापकांकडे परिचर्येतील किमान बॅचलर पदवी असावी लागते. रुग्णशय्येजवळच्या प्रत्येक परिचारिकेला ती सक्ती नाही, पण एकूण कर्मचाऱ्यांतील पदवीधरांचे प्रमाण वाढवण्याची अपेक्षा असते, आणि ते वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे नव्या भरतीतच पदवी मागणे. शिवाय ही रुग्णालये नवोदितांना बहुधा ‘नर्स रेसिडेन्सी’ म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या देखरेखीखालील प्रशिक्षण कार्यक्रमांतून घेतात. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ असले, की चाळणीसाठी पदवी हा सर्वांत हाताशी असलेला निकष ठरतो.

एडीएन असलेल्या परिचारिकेची वाट त्यामुळे लांबते, पण बंद होत नाही. लहान किंवा ग्रामीण रुग्णालयात हृदयगती निरीक्षणाच्या वॉर्डात काम, तिथून मध्यम गंभीर रुग्णांच्या विभागात आणि पुढे त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अंतर्गत बदली, हा क्रम रुळलेला आहे. एकदा अतिदक्षतेचा अनुभव गाठीशी आला, की पुढच्या मुलाखतीत पदवीपेक्षा अनुभवाचे प्रश्न अधिक विचारले जातात. गंभीर रुग्णांच्या परिचर्येतील ‘सीसीआरएन’ या प्रमाणपत्रासाठी मागील दोन वर्षांत १,७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा हा एक मार्ग आहे. त्याच्या अटींत वैध परवाना लागतो, बीएसएन लागत नाही. ज्यांनी ती परीक्षा आखली, त्यांनी कौशल्य आणि पदवी यांची गल्लत केलेली नाही, याची नोंद भरती करणाऱ्यांनी घ्यायला हवी, असे आम्हाला वाटते.

काही पदे मात्र अशी आहेत की तिथे अनुभवाने पदवीची जागा भरून निघत नाही. भूल देणारी परिचारिका व्हायचे असेल, तर बॅचलर पदवी, किमान एक वर्षाचा गंभीर रुग्णसेवेचा अनुभव आणि आता डॉक्टरेट पातळीचे शिक्षण लागते. रुग्ण तपासून निदान आणि उपचार करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरला किमान पदव्युत्तर पदवी हवी. अमेरिकी लष्कराच्या परिचर्या दलातील नियमित सेवेतही बीएसएन ही अट आहे. या दिशेने जायचे ज्यांनी आधीच ठरवले आहे, त्यांनी बॅचलर पदवीचा विचार पुढे ढकलू नये.

इतरांसाठी नोकरी करताना पूर्ण करता येणारे, एक ते दोन वर्षांचे आणि बहुतांशी ऑनलाइन असे एडीएन ते बीएसएन अभ्यासक्रम आहेत, आणि अनेक रुग्णालये त्यांच्या शुल्काचा काही भाग देतात. मात्र बारा तासांच्या रात्रपाळ्या करून, घर सांभाळून केलेल्या या अभ्यासाचा भार कमी लेखू नये. जे रुग्णालय मुदतीची अट घालते, त्याने अभ्यासासाठी पाळ्यांची सवलतही द्यावी. नेमणुकीच्या करारावर सही करण्यापूर्वी परिचारिकेने चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: मुदत नेमकी कोणत्या तारखेपासून मोजली जाते, शुल्काची परतफेड किती आणि कधी होते, नोकरी सोडल्यास ते पैसे परत करावे लागतात का, आणि मुदत चुकली तर नोकरी जाते की केवळ बढती थांबते.