धुळे-जळगावहून नाशिकच्या वाइनरीला जायचे, तर खुडणीच्या दिवसांतच

नमस्कार. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघून राहूडचा घाट आणि चांदवड मागे टाकले, की पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षांचे मांडव दिसू लागतात आणि नाशिकची वाइन याच द्राक्षांची होत असावी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. तसे नाही. मांडवावरची थॉमसन किंवा सोनाका ही खाण्याची द्राक्षे आहेत. वाइनच्या वेली बहुतेक ठिकाणी उभ्या तारांवर ओळीने चढवलेल्या असतात आणि त्या पाहायला नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाकडे, जिथे सुला, सोमा आणि यॉर्क या वाइनरी आहेत, किंवा दिंडोरीच्या बाजूला जावे लागते. धुळ्याहून हे अंतर साधारण १६० किलोमीटर आहे. जळगावकरांनी त्यात आणखी नव्वदेक किलोमीटर धरावेत.

कधी जावे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या रावेर-यावलची केळी हिरवी कापली जाते आणि पुढे वखारीत पिकते; द्राक्षाला ती सोय नाही. घड एकदा वेलीवरून खुडला, की त्यात साखर वाढत नाही. म्हणूनच जानेवारी ते मार्च या काळात मण्याच्या रसाचे थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेऊन गोडी पुन्हा पुन्हा मोजतात आणि मगच खुडणीचा दिवस ठरवतात. पावसाळ्यात बाग हिरवीगार आणि देखणी असते, पण वेलीवर घड नसतो.

हा पाहा शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा मणी. खाण्याच्या द्राक्षाहून लहान, जाड सालीचा आणि आत बिया असलेला. दाबला तर रस जवळजवळ रंगहीन निघतो, कारण लाल वाइनचा सगळा रंग सालीत असतो. साल चावली, की जीभ तुरट होते. त्यामुळे लाल वाइन सालींसकट आंबवतात. आंबताना तयार होणारा वायू साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर रसावर तरंगतो आणि तो भिजत राहावा म्हणून खालचा रस पंपाने वर सोडतात. पांढऱ्या वाइनसाठी मात्र रस आधीच साली काढून वेगळा करतात आणि थंड टाक्यांमध्ये सावकाश आंबवतात. स्टीलच्या टाकीशेजारी उभे राहून हे समजून घेतले, तर नंतर हातात येणाऱ्या ग्लासातली चव ओळखता येते.

चव घेताना आधी पांढरी, मग लाल असा क्रम ठेवावा. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. शक्यतो त्या रात्री नाशिकलाच मुक्काम करावा.

निघण्याआधी वाइनरीला फोन करून दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: खुडणी सुरू आहे का आणि फेरीत प्रत्यक्ष बागेत नेतात का, की फक्त इमारत दाखवतात.