आईचा खुबा मोडला, मग माझा?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात आईचा खुबा मोडला, की लेकीच्या मनात पाल चुकचुकते: उद्या माझंही असंच होणार का? (सुनेनं ही काळजी करू नये, निदान सासूमुळे तरी!)

हाडांची घनता बऱ्याच अंशी वारशानं येते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या घनतेच्या फरकाचा ५० ते ८० टक्के भाग जनुकांच्या खात्यावर जमा होतो. हे झालं घनतेचं. मोडण्याचा हिशेब वेगळा आहे. स्वीडनमधल्या जुळ्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सत्तरीच्या आत मोडलेल्या खुब्यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला, पण ऐंशीच्या पुढे तो जवळजवळ उरलाच नाही. त्या वयात नजर मंदावलेली असते, तोल जातो, रात्री उठताना पाय अडखळतो. तेव्हा आई कितव्या वर्षी पडली, हे आधी विचारा.

यामागचं जनुक कोणतं? एक असं नाहीच. १९९४ मध्ये ड जीवनसत्त्वाशी संबंधित एका जनुकाचा फार गाजावाजा झाला. पुढे हजारो माणसं तपासल्यावर तो दावा टिकला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सव्वाचार लाखांवर लोकांची टाचेची हाडं आणि जनुकं ताडून पाहिली, तेव्हा जनुकांच्या साखळीत घनतेशी निगडित ५१८ जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम मात्र चिमूटभर.

क्वचित एखादं जनुक एकटंच सगळं उलटंपालटं करतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या काही कुटुंबांत अशी माणसं आढळली, की ज्यांची हाडं सहसा मोडतच नाहीत. हेवा वाटावा असं काही त्यात नाही. कवटी इतकी जाड होत जाते की नसा दबतात, चेहरा लुळा पडतो, ऐकू येईनासं होतं. त्यांच्यात ‘सॉस्ट’ नावाचं जनुक बिघडलेलं असतं, हे २००१ मध्ये कळलं. हे जनुक स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन नव्या हाडाच्या वाढीला लगाम घालतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की लगामच सुटतो. एकच बिघडली, तर माणूस धडधाकट राहतो आणि हाडं भरीव होतात. मला या सगळ्या संशोधनात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, कारण त्यातून औषध निघालं. स्क्लेरोस्टिनला अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ठिसूळ हाडांच्या, मोडण्याचा धोका फार असलेल्या स्त्रियांना ते वर्षभर देतात. नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर देत नाहीत.

तुमच्या-माझ्यासारख्यांना जनुकचाचणीची घाई करण्याचं कारण नाही. पुढच्या दहा वर्षांतला धोका मोजायला जगभर डॉक्टर ‘फ्रॅक्स’ नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात वय, वजन, धूम्रपान, आधी मोडलेलं हाड हे सगळं विचारतात. जनुकांचा अहवाल मागत नाहीत. वारशाबद्दल प्रश्न एकच असतो: आईचा किंवा वडिलांचा खुबा कधी मोडला होता का? यातलं वडिलांचं उत्तर कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. ते घरात विचारून ठेवा.