बुधवारी बोली, गुरुवारी बिल

[दृश्य: मुंबई, शहीद भगतसिंग मार्ग. सकाळची वर्दळ. रिझर्व्ह बँकेची उंच इमारत.]

आज बुधवार. केंद्र सरकारच्या ट्रेझरी बिलांच्या, म्हणजे सरकार थोड्या मुदतीसाठी कर्ज घेतं त्या रोख्यांच्या, लिलावाचा दिवस. लिलाव म्हटलं की गर्दी आणि आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो, पण हा सगळा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या 'ई-कुबेर' या संगणक प्रणालीवर होतो. बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या शेकडो कोटींच्या बोल्या लावतात आणि निकाल त्याच दिवशी लागतो. याच लिलावात नाशिकच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या घरातून दहा हजार रुपयांची बोलीही लागू शकते. ती कशी लावायची, तिच्यातून नक्की किती मिळतं आणि कुठे चूक होते, ते आता पाहू.

[दृश्य: जुन्या पेढीवरची हुंडी. अक्षरांवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा.]

ट्रेझरी बिल समजून घ्यायला मुदती हुंडी आठवली तरी पुरे. शंभराची हुंडी, पैसे तीन महिन्यांनी मिळणार, म्हणून आज बट्टा कापून साडेअठ्ठ्याण्णवला घ्यायची. इथे हुंडी लिहून देणारं भारत सरकार आहे, एवढाच फरक. वेगळं व्याज मिळत नाही, कागदही हातात येत नाही. कमी किमतीला घ्यायचं, मुदत संपली की पूर्ण दर्शनी किंमत खात्यात जमा होते. भारतात ही बिलं १९१७ पासून आहेत. आज ती तीन मुदतींची निघतात: ९१, १८२ आणि ३६४ दिवस. आकडे विचित्र वाटतात, पण सातने भागून बघा: १३, २६ आणि ५२ आठवडे. बुधवारी लिलाव, गुरुवारी पैसे आणि बिल यांची अदलाबदल. गुरुवारी सुरू झालेलं बिल त्यामुळे गुरुवारीच संपतं. हा गुरुवार लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब करायचाय.

[पडद्यावर: पाटीवर खडूने आकडे.]

आधी भावाचा हिशेब. वार्षिक दर ६ टक्के धरू. ६ गुणिले ९१, भागिले ३६५ म्हणजे शंभरावर साधारण १ रुपया ५० पैसे. १०० ला १०१.४९६ ने भागलं की भाव येतो ९८ रुपये ५२.६ पैसे. एक लाखाचं बिल ९८,५२६ रुपयांना पडतं आणि १३ आठवड्यांनी १,४७४ रुपये जास्त हातात येतात.

३६४ दिवसांच्या बिलाचा हिशेब केला की हमखास एक घोटाळा होतो. त्याच ६ टक्क्यांनी एक लाखाचं बिल सुमारे ९४,३५४ रुपयांना मिळतं. फायदा ५,६४६. लोक हा आकडा एक लाखाने भागतात आणि म्हणतात, "हे तर ५.६५ टक्केच झाले, त्यापेक्षा एफडी बरी." पण तुमचे गुंतले किती? ९४,३५४. भागायचं त्या रकमेने. उरलेले साडेपाच हजारांहून जास्त रुपये पहिल्या दिवसापासून तुमच्याच खात्यात होते. लिलावाच्या निकालात भाव आणि त्याच्याशेजारी त्यातून निघणारा परतावा, असे दोन आकडे छापलेले असतात. एफडीच्या दराशी ताडून बघायचा तो दुसरा.

आणि ताडून जरूर बघा, कारण ट्रेझरी बिल प्रत्येक वेळी जिंकतं असं नाही. वर्षभराच्या मुदतीला बऱ्याचदा बँकेची एफडी थोडा जास्त दर देते. तीन महिन्यांचं गणित उलटं असतं: मोठ्या बँका ९० दिवसांच्या ठेवीवर कमी दर देतात, तिथे ९१ दिवसांचं बिल बहुतेक वेळा पुढे असतं.

[दृश्य: सहकारी बँकेच्या शाखेबाहेरची रांग, जुनी छायाचित्रं.]

दराखेरीज दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. महाराष्ट्राला तो नव्याने सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण त्या वेळी एक लाखाचं होतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपये झालं. घर विकल्याचे पंधरा लाख चार महिने एका बँकेत ठेवले, तर विम्याच्या छत्राखाली पाचच लाख येतात. ट्रेझरी बिलावर अशी मर्यादा नाही, कारण देणेकरी सरकार स्वतः आहे. फ्लॅटचा पुढचा हप्ता, लग्नाचा खर्च, मुलाची वर्षाची फी, अशा तारीख ठरलेल्या मोठ्या रकमेसाठी आम्हाला हे साधन सगळ्यात योग्य वाटतं. अडीअडचणीला रात्री लागू शकणारे पैसे मात्र यात ठेवू नयेत.

[पडद्यावर: मोबाइल. रिटेल डायरेक्टचं मुख्य पान.]

आता घ्यायचं कुठून? रस्ते दोन. पहिला, बँक किंवा ब्रोकरमार्फत. बँक तिच्याकडे तुमच्यासाठी गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडते, ब्रोकरकडे बिल डिमॅट खात्यात येतं. दुसरा, थेट रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून. हे पोर्टल १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालं, मे २०२४ मध्ये त्याचं मोबाइल ॲपही आलं.

बँक आणि ब्रोकरला शंभर रुपयांमागे ६ पैशांपर्यंत सेवाशुल्क घ्यायची परवानगी आहे. ६ पैसे म्हणजे किरकोळ, असं वाटतं. एक लाखावर ६० रुपये. पण ९१ दिवसांच्या बिलाचा फायदाच १,४७४ रुपयांचा आहे. वर्षाच्या मापाने मोजलं तर हे ६० रुपये तुमचा परतावा जवळजवळ पाव टक्क्याने खाली आणतात. आणि ९१ दिवसांचं बिल वर्षात चारदा घेतलं, की शुल्कही चारदा. ३६४ दिवसांच्या बिलावर तेच ६० रुपये फारसे जाणवत नाहीत. तेव्हा शाखेत बसून मदत हवी असेल, तर बँक जरूर गाठा, पण शुल्क आधी विचारा आणि मुदत लांबची निवडा. रिटेल डायरेक्टवर खातं उघडायला, ठेवायला आणि बोली लावायला शुल्क नाही. पेमेंट गेटवेचा खर्च लागला तर तेवढा आपला.

खातं उघडायला लागतं ते असं: पॅन, बचत खातं, पत्त्याचा अधिकृत पुरावा, ईमेल आणि मोबाइल नंबर. एकट्याच्या नावाने उघडता येतं किंवा दोघांच्या. काम अडतं ते नावापाशी. पॅनवर "विजया सुरेश पाटील", बँकेत "पाटील विजया एस" आणि आधारवर माहेरचं आडनाव, असं असेल तर पडताळणी पुढे सरकत नाही. आधी बँकेत अर्ज देऊन नाव सारखं करून घ्या, मग पोर्टलकडे वळा. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असला तरी ओटीपी येत नाही आणि गाडी तिथेच थांबते. नॉमिनीचं नाव त्याच बैठकीत भरून टाका.

[पडद्यावर: बिलांची यादी. एका ओळीवर कॅमेरा जवळ जातो.]

यादीत बिलाचं नाव असं दिसतं: "९१ डीटीबी ०७११२०२४". पहिला आकडा मुदतीचा, डीटीबी म्हणजे 'डे ट्रेझरी बिल'. शेवटचे आठ आकडे म्हणजे बिल संपायची तारीख: ७ नोव्हेंबर २०२४. बोली लावण्याआधी ही तारीख आपल्या गरजेच्या तारखेशी ताडा. फी १ तारखेला भरायची आणि बिल ७ तारखेला संपणार, ही चूक इथेच पकडता येते.

आपण भाव सांगायचा नसतो. रक्कम सांगायची, कमीत कमी १०,००० आणि पुढे १०,००० च्या पटीत. याला बिगर-स्पर्धात्मक बोली म्हणतात. मोठ्या बँका भावावरून झगडतात; त्यांच्या यशस्वी बोल्यांची भारित सरासरी (मोठ्या रकमेच्या बोलीला जास्त वजन देऊन) काढली जाते आणि त्या भावाने आपल्याला बिल मिळतं. जाहीर झालेल्या रकमेचा ५ टक्क्यांपर्यंतचा भाग व्यक्तिगत गुंतवणूकदारांसाठी राखलेला असतो. त्याहून जास्त मागणी आली, तर प्रमाणात वाटप होतं.

एका बिलासाठी एकच बोली लावता येते. रक्कम ठरवून मग बटण दाबा, "आधी दहा हजारांची लावून बघू, नंतर आणखी एक टाकू" असं चालत नाही. भाव लिलावानंतर ठरतो, म्हणून आधी अंदाजे भावावर थोडी जास्त रक्कम घेतात आणि उरलेली परत करतात. यूपीआयने पैसे दिले तर ते तुमच्याच खात्यात अडवून ठेवले जातात. अट एकच: यूपीआय ॲपवर आलेली विनंती मंजूर करायला हवी. पुष्कळ बोल्या इथे वाया जातात, कारण पोर्टलवर "सादर केलं" दिसलं की माणूस मोबाइल खाली ठेवतो. रिटेल डायरेक्टसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाख आहे, पण तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते. रक्कम मोठी असेल तर नेट बँकिंग वापरा.

हे सगळं मंगळवारीच उरकावं. पोर्टलची खिडकी लिलावाआधी बंद होते, बँका आणि ब्रोकर त्याहूनही आधी बोल्या घेणं थांबवतात. बुधवारी सुट्टी आली तर लिलावाचा दिवस सरकतो. रिझर्व्ह बँक दर तिमाहीचं वेळापत्रक आधी प्रसिद्ध करते, ते एकदा बघून आपल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. बुधवार आणि गुरुवार लाल शाईने गोल केलेले.]

आता तो गुरुवार. ९१ दिवसांचं बिल गुरुवारी संपलं, पैसे खात्यात आले. पुन्हा बिल घ्यायचंय. पण लिलाव तर कालच झाला! पुढचा लिलाव येत्या बुधवारी, त्याचं बिल त्यापुढच्या गुरुवारी. म्हणजे पैसे आठवडाभर बचत खात्यात बसून राहतात. १३ आठवडे ६ टक्क्यांनी आणि १ आठवडा बचत खात्याच्या २.५ टक्क्यांनी, तर सरासरी पडते ५.७५ टक्के. पाव टक्का असाच गेला.

यावर उपाय आहे. बिल संपायच्या आदल्या दिवशीच्या लिलावात नवी बोली लावायची, पैसे बचत खात्यातल्या शिल्लकीतून द्यायचे. गुरुवारी जुन्या बिलाचे पैसे आले की ती शिल्लक भरून निघते. उसनवारी फक्त एक-दोन दिवसांची, तीही स्वतःकडूनच. ज्यांच्याकडे एवढी शिल्लक नाही, त्यांनी ३६४ दिवसांचं बिल घ्यावं. तिथे ५३ आठवड्यांत एकच आठवडा रिकामा जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रिटेल डायरेक्टवर ट्रेझरी बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची सोय जाहीर केली. नवी गुंतवणूक आणि पुनर्गुंतवणूक, दोन्हींसाठी ती आहे.

महिन्याकाठी पैसे हवे असतील, तर तीन लाख एकदम न लावता चार-चार आठवड्यांच्या अंतराने एकेक लाख ९१ दिवसांच्या बिलांत लावा. तिसरं बिल घेऊन झालं की साधारण दर महिन्याला एक बिल पिकत राहतं.

मुदतीआधी विकता येतं का? येतं, पण आम्ही त्यावर विसंबायला सांगणार नाही. व्याजदर वाढले तर भाव उतरतो: ३०० दिवस उरलेलं बिल, दर ६ वरून ६.५ झाला, तर एक लाखामागे साधारण ३७० रुपये कमी. हे सोसण्यासारखं आहे. खरी अडचण गिऱ्हाइकाची. हा बाजार कोट्यवधींच्या सौद्यांचा आहे, दहा-वीस हजारांच्या बिलाला हवा तेव्हा हवा तो भाव मिळेलच असं नाही. एफडी मोडायला थोडा दंड भरून तासाभरात पैसे मिळतात, तशी सोय इथे नाही.

कराचं सांगायचं तर, फायदा तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. यावर टीडीएस कापला जात नाही. पुष्कळांना ती करमाफी वाटते, तशी ती नाही. फायदा विवरणपत्रात स्वतः दाखवावा लागतो. वर्षाचा देय कर १०,००० रुपयांवर जात असेल तर आगाऊ करही भरावा लागतो. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ करातून सूट आहे. मात्र जुन्या करप्रणालीत त्यांना बँक ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, ती ट्रेझरी बिलाच्या फायद्यावर मिळत नाही. त्यामुळे जुनी प्रणाली निवडणाऱ्या आजी-आजोबांनी आधी ठेवींच्या व्याजातून ती वजावट पूर्ण वापरावी, मग बिलांकडे वळावं.

[दृश्य: गुरुवार. मोबाइलवर बँकेचा संदेश: एक लाख रुपये जमा.]

बिल संपताना अर्ज नाही, सही नाही, शाखेत खेप नाही. जोडलेल्या बचत खात्यात पूर्ण दर्शनी किंमत येते आणि पोर्टलवरची ती ओळ नाहीशी होते. तो दिवस सुट्टीचा निघाला तर पैसे आधीच्या कामकाजाच्या दिवशी येतात. जोडलेलं खातं मात्र चालू असायला हवं. बँक बदलायची असेल, तर आधी पोर्टलवर नवं खातं जोडा, त्याची पडताळणी पूर्ण होऊ द्या आणि मगच जुनं खातं बंद करायला शाखेत जा.