उमरग्याच्या डोक्यावरचा चौरस्ता

नमस्कार मंडळी. पाठीमागं दिसतंय ते आमचं रान, उमरग्यापासून सात किलोमीटरवर. हरभरा घाट्यात आलाय, पावणेसहा वाजलेत, आणि आता जरा वर बघा. ती पांढरी रेघ दिसली का?

परवा आमचे आबा म्हणाले, "ही इमानं रोज आपल्याच रानावरून का जायलीत रे? एवढ्या आभाळात दुसरीकडं जागा नाही का?" मी हसलो. रात्री नकाशा आणि पट्टी घेऊन बसलो, तेव्हा कळलं की आबांचा प्रश्न वाटतो तेवढा भोळा नाही.

मुंबईपासून हैदराबादपर्यंत सरळ रेघ मारा. ती तुळजापूरला घासून उमरग्याजवळून जाते. आता अहमदाबाद ते चेन्नई दुसरी रेघ मारा. ती धाराशिव आणि लातूरच्या मधून खाली येते आणि पहिलीला कुठं छेदते? उमरग्याजवळ! खाली सोलापूर-हैदराबाद हायवे आणि लातूरहून येणारा रस्ता एकमेकांना भेटतात, आणि वर आभाळातही चौरस्ता. एवढंच नाही, दिल्ली-बंगळुरू रेघ नांदेडच्या जवळून जाते आणि मुंबई-कोलकाता जालन्यावरून. म्हणजे मराठवाड्यात विमानं उतरतात थोडी, पण वरून जाणाऱ्यांची रांग असते.

या माझ्या पट्टीच्या रेघा झाल्या. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडे इकडंतिकडं असतात, आणि त्याला कारण आहे. पूर्वी विमान जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या खुणेवर चालायचं. या केंद्रावरून त्या केंद्रावर, तिथून पुढच्या. आपली एसटी जशी सरळ न जाता प्रत्येक तालुक्याला वळसा घालते, तसं. आता विमानात सॅटेलाइटवरून जागा कळते, त्यामुळं केंद्राला हात लावून जायची गरज उरली नाही. भारतात जुन्या देशांतर्गत मार्गांच्या नावात सुरुवातीला 'डब्ल्यू' असतो आणि या नव्या मार्गांना 'क्यू'. युरोपात पोर्तुगालनं २००९ मध्ये पुढची पायरी गाठली: वरच्या आभाळात ठरलेले मार्गच काढून टाकले. आत कुठून शिरणार आणि बाहेर कुठून पडणार ते सांगा, मधे सरळ जा.

मग आपण पण सगळ्या रेघा सरळ करून टाकू, झालं की! मलाही असंच वाटलं होतं.

पण चौरस्त्याचं काय? खाली आपण सिग्नल लावतो, नाहीतर उड्डाणपूल बांधतो. वर सिग्नल नाही, विमान थांबवता येत नाही. उड्डाणपूल मात्र आहे. २९ हजार फुटांपासून ४१ हजार फुटांपर्यंत दर हजार फुटाला एक मजला. २००३ च्या नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडं इथं दोन हजार फुटांचं अंतर ठेवावं लागायचं. उंची मोजणारी यंत्रं अचूक झाली म्हणून ते अर्धं केलं, आणि त्याच आभाळात सहा मजले वाढले. वाटणीचा नियम सोपा आहे. पूर्वेकडं तोंड असेल तर विषम मजला, ३३ हजार, ३५ हजार, ३७ हजार. पश्चिमेकडं तोंड असेल तर सम.

आता गंमत बघा. मुंबईहून हैदराबादला जाणाऱ्या विमानाचं तोंड पूर्व-आग्नेयेला. अहमदाबादहून चेन्नईला जाणाऱ्याचं आग्नेयेला. नियमाच्या हिशोबानं दोघंही पूर्वेचे, दोघांनाही विषम मजला. म्हणजे उमरग्याच्या चौरस्त्यावर दोघं एकाच मजल्यावर येऊ शकतात! नियम समोरासमोरची टक्कर टाळतो, आडव्या येणाऱ्याची नाही.

त्याहून मोठी अडचण पुढं आहे. विमान उतरायला कधी सुरुवात करतं? वैमानिकांचा ढोबळ हिशोब असतो: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५ हजार फुटांसाठी १०५ सागरी मैल, म्हणजे साधारण १९५ किलोमीटर. हैदराबादचं विमानतळ उमरग्यापासून सरळ रेघेत दोनशेच्या थोडं पुढं. म्हणजे चौरस्ता ओलांडतोय न ओलांडतोय, तोच हैदराबादवाला खाली यायची परवानगी मागणार. आणि खालच्या ३३ हजारावर चेन्नईवाला चाललेला असला तर? जमिनीवरून विमानांना वाट देणारा कंट्रोलर म्हणणार, थांबा, आहे त्याच मजल्यावर राहा. मिनिटाला चौदा किलोमीटर जाणाऱ्या विमानाला तीन मिनिटं उशिरा उतरवलं, की पुढं ते उंचच राहतं. मग खाली येईपर्यंत फिरवावं लागतं. ए-३२० सारखं विमान मिनिटाला चाळीस किलोच्या आसपास इंधन पितं. एका विमानाचं काही वाटत नाही. दिवसभराचा हिशोब मांडा.

इथं मार्ग हलवायचा विचार येतो, आणि मला या सगळ्यात आवडलेला आकडा हाच आहे. अहमदाबाद-चेन्नई अंतर साधारण १३७० किलोमीटर. ही रेघ मधोमध धरून तीस किलोमीटर पूर्वेला ओढली, तर अंतर किती वाढेल? तीस? साठ? मी आबांना विचारलं, ते म्हणाले, "पन्नास तरी." वाढतं फक्त १.३ किलोमीटर. विमानाला सहा सेकंद! लांब दोरी मधोमध थोडी ओढली तर लांबी फारशी बदलत नाही, तसं. पण त्या तीस किलोमीटरमुळं चौरस्ता हैदराबादच्या दिशेनं पन्नास किलोमीटर सरकतो, कारण या रेघा तिरक्या छेदतात. तिथं पोचेपर्यंत हैदराबादवाला सहा-सात हजार फूट खाली आलेला असतो. चेन्नईवाला वरून निघून जातो. कुणी कुणाला थांबवलं नाही.

सुटला प्रश्न? नाही. हैदराबादहून मुंबईला चढत येणारं विमान आता त्याच नव्या चौरस्त्याखालून वर यायलंय. म्हणून जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी करावी लागते. वन-वे. हा धडा आपण फार महागात शिकलो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं निघालेलं आणि कझाकस्तानचं उतरायला आलेलं विमान धडकलं. ३४९ माणसं गेली. तेव्हा दिल्लीला यायला-जायला एकच वाट होती. त्यानंतर ती वेगळी केली, आणि टक्करीचा इशारा देणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं.

आणि पूर्वेला सरकवायचं म्हटलं की बिदर येतं. उदगीरवाल्यांना सांगायला नको, तिथं हवाई दलाची मुलं हॉक विमानांवर शिकतात. सरावासाठी राखलेल्या आभाळातून प्रवासी विमान कसं काढणार? २०२० च्या मे महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की देशातलं ६० टक्केच आभाळ प्रवासी विमानांना मोकळं आहे, आणि हे बंधन सैल केलं तर वर्षाला हजार कोटींच्या आसपास वाचतील. त्यावरचा तोडगा म्हणजे वेळ वाटून घेणं. सराव नसेल तेव्हा वाट उघडी, सराव असेल तेव्हा बंद. बारव एकच, आज तुझी पाळी, उद्या माझी. मला विचाराल तर नवी रेघ मारण्यापेक्षा ही पाळी ठरवणं जास्त अवघड. नकाशावर रेघ एकटा माणूस मारतो, पाळीला दोघं लागतात.

तर हे सगळं मी आबांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, रेघेवर बोट फिरवलं.

"म्हणजे बायपास काढायलेत म्हण की."

म्हटलं, होय, तसंच.

"ह्या बायपासला कुणाचं रान तर जात नाही ना?"